स्लो

पहाटे, पाय जमिनीला लागायच्या आधी,
डाव्या मनगटावर मी दोन बोटं ठेवतो.
अंगठा नाही. अंगठ्याला स्वतःची नाडी असते,
तो मधेच आपलंच बोलतो.
समोर भिंतीवर घड्याळ. मिनिट पुरं होऊ देतो.
अठ्ठावन्न.
बर्फाच्या फॅक्टरीच्या कॅलेंडरवर
भरतीच्या वेळेशेजारी लिहितो.

एकेचाळीस वर्षं देवगडच्या धक्क्यावर
इंजिनं ऐकली मी.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हेडवर, मूठ कानाला,
आणि सांगायचो, तिसऱ्याचा नोझल गेला.
खोलल्यावर तिसऱ्याचाच निघायचा.

म्हणून गोळी सुरू झाल्यावर
चौऱ्याऐंशीचे बहात्तर, बहात्तरचे एकसष्ट झाले
तेव्हा मला कुणी काही सांगायला नको होतं.
स्लो असा उतरत गेला की इंजिन बंद पडतं,
होडी लाटेला आडवी होते,
तांडेल मेकॅनिकच्या आईबापाला आठवतो.

चोपन्नला मी गोळी थांबवली.
कुणाला न सांगता.
पाकीट पान्यांच्या पेटीत, सतरा-एकोणीसच्या खाली.

तिसऱ्या रात्री खाटेवर नुसता पडलेला असताना
छातीत कुणीतरी थ्रॉटल ओढला.
एकशे आठ.
बाहेर ओहोटी. खाडीत चिखल तेवढा चमकत होता,
होड्या कुशीवर निजलेल्या,
आणि मी उताणा पडून धावत होतो.

करंदीकर डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत.
चोपन्न होते तेव्हा चक्कर आली?
डोळ्यांपुढे अंधारी? जिन्यावर दम?
नाही म्हटलं. त्या दिवशी मी पंप उतरवला
गुणाजीच्या होडीचा, एकट्यानं.
मग चोपन्नानं तुमचं काय वाकडं केलं होतं?
गोळी अशी झटक्यात सोडायची नसते, म्हणाल्या,
दाबून धरलेलं उसळतं.
आकडा खटकला तर आधी मला फोन करा.
आणि एका दिवसाचा आकडा बघू नका,
ओळीनं आठवडा बघा.

मी म्हटलं, गव्हर्नर.
काय?
फ्युएल पंपाला गव्हर्नर असतो, बाई.
वरून कितीही ओढा, डिझेल तो मापातच सोडतो.
त्यांनी चष्मा वर केला
आणि केसपेपरच्या कडेला काहीतरी लिहिलं.
तोच शब्द असावा. अक्षर लागलं नाही.

आता आकड्याखाली कारणही लिहितो.
बासष्ट. रात्री पालखी, जागरण.
एकाहत्तर. ताप.
अडुसष्ट. पुतण्याशी कुंपणावरून.
छप्पन्न. काही नाही.
छप्पन्नखाली ‘काही नाही’ लिहिताना
पूर्वी हात थरथरायचा.

परवा शेवंती बांगडे साफ करत होती.
म्हटलं, हात दी.
‘कित्याक?’
दी तर.
ओलं मनगट, त्यावर खवलं चिकटलेली,
बोटं घसरत होती, पुन्हा लावली.
त्र्याण्णव.
परत मोजली. पंच्याण्णव.
हिला गोळी नाही, डॉक्टर नाही, कॅलेंडर नाही.
लग्नाला छत्तीस वर्षं झाली,
अख्ख्या बंदरातली इंजिनं ऐकली
आणि हे कधी कानाला लावलं नव्हतं.

म्हटलं, असं नाही मोजायचं.
पाच मिनिटं स्वस्थ बसून मग मोजायचं.
बसल्यावर किती असतात तुझे?
ती हसली. विळी बाजूला सरकवली.
‘मियां बसलंय कधी?’

स्टूल ओढून दिलं. बसली,
पाहुण्या घरी बसावं तशी, काठावर.
घड्याळाकडे मी बघत होतो,
ती चुलीकडे.
तीन मिनिटं झाली असतील.
दूध वर आलं.